राब कुणी पेटवला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही नाही — तिथे मी पाऊसपाण्याचं, पोराच्या नोकरीचं काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असावं. जे ओळखतात ते मला चांगला माणूस समजतात. आजारी भावाला सांभाळणारा, देवमाणूस. हा शब्द मी लग्नाकार्यांत खूपदा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी मान खाली घातलीय. लोकांना तो विनय वाटतो.

तानाजी माझा धाकटा भाऊ. विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. आम्ही आधी देवऋषी केला, मग डॉक्टर — नेहमीचाच उलटा क्रम. मधली बरीच वर्षं त्याची दवाखान्यांत गेली. शेवटी गोळ्या लागू पडल्या आणि तो माले गावातल्या आमच्या घरी आला. तालुक्याच्या एक समाजसेविका ताई येऊन बजावून गेल्या — याला कोंडायचं नाही, पाहुणे आले की लपवायचं नाही. चार माणसांत राहणं हा त्याचा कायद्याने हक्क आहे, तुमची मेहेरबानी नव्हे. मला ते झोंबलं. मी मेहेरबानीच समजत होतो ना!

सुरुवातीला आळीतल्या बाया त्याला पाहून पोरांना घरात ओढायच्या. मग एक दिवस शेजारच्या हिरामणनानांनी त्याला हाक मारली. "तान्या, डेअरीवर चाललाच हायेस तर माझंबी दूध घालून ये." आणि किटली हातात दिली. तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण आमच्याकडे दूध कुणाच्याही हाती देत नाहीत. हळूहळू आळीभरच्या किटल्या तानाजीच्या सायकलला लटकायला लागल्या. त्या वर्षी जत्रेच्या पंगतीत कुणीतरी सरकून जागा केली, म्हणालं, "हितं बस की." तो बसला. जेवताना त्याचा हात थरथरत होता, गोळ्यांनी थरथरायचाच, पण कुणी त्याच्याकडे बघत बसलं नाही.

एवढं सगळं त्याचं झालं होतं. मी काय मोडलं ते तुम्हाला कळावं म्हणून हे आधी सांगितलं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वर थोडी माती लोटायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब वारं पडलेलं असताना पेटवायचा, आणि ज्याने पेटवला त्याने तो विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. ओली फांदी हाताशी घेऊन बसायचं. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मी भर दुपारी पेटवला. पिरंगुटच्या कंपनीत मी सुपरवायझर, सुट्टीचा दिवस एकच, कामं उरकायची होती. वारं होतं का? होतं. पानं हलत होती, दिसत होतं मला. मग मेव्हण्याचा फोन आला. खाली आवाज तुटत होता म्हणून मी वर रस्त्यावर गेलो. तो नवी गाडी घेत होता. रंग कोणता घ्यावा यावर मी त्याला माझं मत दिलं — सविस्तर दिलं.

मागे वळलो तेव्हा धूर राबाच्या जागी नव्हता. हिरामणनानांची पेंढ्याची गंजी पेटली होती. गंजीला लागून गोठा, आणि गोठ्यात त्यांची गाभण गाय. मी पळालो, पण तानाजी माझ्या आधी पोचला होता. आत शिरून तो दावं सोडत होता. गाय हिसके देत होती, त्यामुळे गाठ आणखी आवळत गेली. लोकांनी त्याला बाहेर खेचलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत भाजले होते. हंडे, बादल्या, मोटर, जे मिळेल त्याने आग विझवली. गाय गेली.

नाना ओरडले नाहीत. खाली बसूनच विचारलं, "राब कुनी पेटवला?"

इथवर सांगणं सोपं होतं. चूक होते, माणूस आहे, गाय भरून देता येते — त्या क्षणी 'मी' म्हणालो असतो तर नानांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि आज आम्ही एकत्र चहा पीत असतो. मग का नाही म्हणालो? सगळं गाव जमलं होतं. गावात राबाचे नियम पोरांना शिकवणारा मीच. आणि तानाजीच्या खिशातून विडीची काडेपेटी डोकावत होती. कुणीतरी तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. आणि म्हणालो, "तान्या, किती येळा सांगितलं तुला, काडीपेटीला हात लावू नको म्हनून."

बघा, यात धडधडीत खोटं असं काही नाही. मी खरंच त्याला तसं सांगायचो. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होतो. पण खोटंच होतं ते. मुळापासून खोटं, आणि बोलायच्या आधी मला ते माहीत होतं.

तानाजीने माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी, तशा आवाजात म्हणाला, "दादा, राब तू पेटीवलास." गर्दीतली एक म्हातारी हळहळली. म्हणाली, "सांभाळणाऱ्या भावावरच घालतंय बगा." तिची हळहळ माझ्यासाठी होती.

पुढे माझ्यावाचूनच सगळं घडत गेलं. बायांनी किटल्या काढून घेतल्या. गावाची बैठक झाली, त्याला परत दवाखान्यात ठेवा म्हणाले. पुण्यापलीकडच्या एका केंद्रात मी त्याला नेऊन सोडलं. हातांच्या पट्ट्याही सुटल्या नव्हत्या. तिथे तो भेटेल त्याला तेच सांगायचा, राब दादाने पेटवला. डॉक्टरांनी मला बसवून नीट विचारलं, यात काही तथ्य आहे का? मी नाही म्हणालो. या वेळी शब्दांची कसरतही केली नाही, सरळ नाही. मग तो त्याचा भ्रम ठरला आणि गोळ्या वाढल्या. खरं बोलतोय म्हणून त्याच्या गोळ्या वाढल्या, आणि मी घरून पुडीत बांधून नेलेला लाडू त्याला देऊन परत आलो.

ताई मागे लागल्या होत्या. तो बरा आहे, नुसतं गावाला नको म्हणून माणसाला असं ठेवता येत नाही, घेऊन या. मी म्हणायचो, गाव ऐकत नाही हो. आणि गाव? पुढच्याच पावसाळ्यात हिरामणनाना मला बांधावर भेटले. म्हणाले, "झालं ते झालं. तान्याला आन आता. त्याच्यावानी येळेवर दूध कुनी घालत न्हाई." ज्याची गाय गेली तो आण म्हणत होता. मी नको म्हणत होतो. कारण तानाजी आला असता तर पुन्हा तेच बोलला असता, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी ते ऐकून घेतलं असतं. मला भीती त्या ऐकणाऱ्याची होती. त्या भीतीपायी मी माझ्या भावाला दोन पावसाळे परक्या भिंतींत ठेवलं. मला माझी किळस येते.

मग एका भेटीत तो शांत होता. जाड झाला होता, शब्द सावकाश निघत होते. म्हणाला, "दादा, राब मीच पेटीवला. मला आता समदं आठवतंय." डॉक्टर खूश होते. म्हणाले, आता त्याला समज आलीय. मी त्याच्या डोळ्यांत शोधलं — सुटका व्हावी म्हणून बोलतोय का? तसं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला खरंच आठवत होतं. काडी कशी ओढली तेही त्याने सांगितलं. मग त्याने माझी माफी मागितली.

मी माफ केलं. काय म्हणून विचारू नका. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, जाऊ दे रे. आणि त्याच महिन्यात त्याला घरी आणलं, कारण आता आणायला काही हरकत नव्हती.

तो आता घरीच असतो. लोक पुन्हा दूध देतात. पंगतीत जागा मिळते. ताई त्याचं उदाहरण दुसऱ्या गावांत सांगतात, आणि माझंही.

या उन्हाळ्यात राब भाजायचा दिवस आला. सकाळी, वारं पडलेलं असताना, मी काडेपेटी घेऊन निघालो. तानाजी उंबऱ्याच्या आत उभा होता. म्हणाला, "दादा, मला आत कोंडून जा. माझा भरवसा न्हाई."

मी दार ओढलं. बाहेरून कडी घातली आणि राब पेटवायला गेलो.