मावशींच्या दारातले तीन डबे

शिंपी गल्लीत एका बंद दाराशी कचऱ्याचे तीन डबे दिसले, हिरवा, निळा, लाल, आणि माझं पाऊल पुढे पडेना. ते डबे मीच घ्यायला लावले होते.

कंपनीत असताना मशीन पुसायची फडकी आम्ही अनसूयामावशींकडून घ्यायचो. गल्लीतल्या शिंप्यांकडच्या चिंध्या जोडून मावशी ती शिवत. मग वरून हुकूम आला, माल पुरवणारा प्रत्येक जण पर्यावरण सांभाळतो का ते तपासा. मी फॉर्म घेऊन गेलो.

"मावशी, तुमचा कचरा कुठं जातो?"

"कचरा कसला, साहेब? मोठ्या तुकड्यांची फडकी, बारक्यांची गोधडी, दोरे उशीत. उरतंय काय?"

'काही उरत नाही' असं लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती. म्हणून डबे आले. तपासणीच्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी झाकणं उघडली, तर आत सगळं कोरं करकरीत. "वापर नाही," असा शेरा पडला. मावशींचं काम बंद झालं आणि फडकी शहरातून, प्लास्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागली.

पृथ्वीची काळजी वाहायला निघालो होतो आम्ही. जिनं जन्मात एक दोरा वाया घालवला नाही, ती बाई आमच्यासमोर बसली होती. इतरांना ते दिसलं नसेल. मला दिसलं होतं, तरी मी त्या शेऱ्याखाली सही केली.

"मावशी लेकीकडं गेल्या," शेजारचा शिंपी म्हणाला. "चिंध्या आता ह्यातच टाकतो आम्ही."

मी झाकण उचललं. हिरवा डबा फुलाफुलांच्या तुकड्यांनी गच्च भरला होता. आज तपासणी झाली असती, तर मावशी पास झाल्या असत्या.