डोंगराच्या वयाचं भांडण

कॉलेजात तिला सगळे खडीबाई म्हणत. दगड फोडून त्याची खडी, खडीची वाळू आणि वाळूचं पीठ करत बसणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? त्या नावाचा तिला राग नव्हता. राग यायचा तो कुणी "सरांची सून" म्हणून ओळख करून दिली की.

सर म्हणजे तिचे सासरे. आधी ती त्यांची विद्यार्थिनी होती, मग त्यांच्या मुलाशी लग्न करून घरात आली आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच भूशास्त्र विभागात शिकवू लागली. गावामागच्या करड्या डोंगराचं वय सरांनी तरुणपणी काढलं होतं: सत्तर कोटी वर्षं. तो आकडा पाठ्यपुस्तकात होता, डोंगराच्या पायथ्याशी लावलेल्या पाटीवर होता आणि घरी पाहुणे आले की जेवताना तोंडी लावायलाही होता.

खडीबाईनं त्या डोंगराला हात घातला तो निव्वळ खात्री करून घ्यायला. वय काढायची नवी पद्धत ती शिकून आली होती. ती आपल्याला जमतेय का हे बघायचं, तर ज्याचं वय पक्कं ठाऊक आहे असाच दगड हवा. तिनं डोंगराचा तुकडा आणला, दळला, धुतला, चुंबक फिरवून त्यातले लोखंडी कण काढले आणि उरलेल्या चिमूटभर वाळूतून सुईच्या टोकानं झिरकॉनचे कण वेचले. मिठाच्या कणाहून बारीक असे हे स्फटिक. घडताना ते युरेनियम पोटात घेतात, शिशाला मात्र दारातूनच परत पाठवतात. त्यामुळे पुढे आत जे शिसं सापडतं, ते युरेनियमचंच झालेलं असतं. हा बदल ठरलेल्या वेगानं होतो. तेव्हा युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं, की स्फटिक कधी जन्मला ते कळतं. मोठ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिनं मोजणी करून घेतली. उत्तर आलं एकशे साठ कोटी.

आपलाच हात चुकला असं वाटून तिनं सगळं पहिल्यापासून केलं. आकडा तसूभरही हलला नाही.

रात्रीच्या जेवणाला तिनं तो पानांवर वाढल्यासारखा सांगून टाकला. सरांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी चुकलो?"

"तसं नाही, बाबा. तुम्ही आर्गॉन मोजलात. दगडातल्या पोटॅशियमपासून हळूहळू साठणारा तो वायू आहे. डोंगर मधेच कधी पुन्हा तापला असेल, तर आधी साठलेला वायू निसटून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. झिरकॉनला तेवढ्या आचेनं काही होत नाही."

"माझ्या घरात बसून माझाच डोंगर माझ्या अंगावर ढकलतेस?"

"डोंगर तुमचा नाही, सर," ती म्हणाली. घरात तिनं त्यांना 'सर' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. ते ताटावरून उठले आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या खोलीत जेवू लागले.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. लोकांच्या अक्कलदाढा उपटणारा हा माणूस बापापुढे मात्र तोंड उघडत नसे. "जरा सबुरीनं घे ना," एवढंच तो म्हणाला. विभागप्रमुखांनी तर तिला बोलावून केबिनचं दार लावून घेतलं. सरांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि कॉलेज त्यांचा मोठा सत्कार करणार होतं.

"सत्कार होऊन जाऊ दे. दगड इतकी वर्षं थांबलाय, आणखी सहा महिने थांबेल."

"दगड थांबेल हो. मी का थांबू?"

"अहो, घरचाच मामला आहे तुमचा."

"घरचा असता तर घरीच मिटवला असता. मुलं परीक्षेत चुकीचं उत्तर लिहून मार्क मिळवतायत, तो कुणाचा मामला?"

प्रमुखांनी वार्षिक परिषदेसाठी पाठवायच्या नावांतून तिचं नाव गाळलं. तिनं रजा टाकली, आपला निबंध परस्पर पाठवला आणि स्वतःच जाऊन व्यासपीठावर उभी राहिली. समोर पहिल्याच रांगेत, काठीवर दोन्ही हात टेकून सर बसले होते. एकाच घरातून दोघं निघाले होते, पण वेगवेगळ्या गाड्यांनी.

तिचं बोलणं संपलं आणि सर उठले.

"हा खडक वितळलेल्या रसातून घडला. त्या रसानं वाटेत आधीचा जुना खडक गिळला असेल, तर त्याचे झिरकॉनही यात आले असतील. मग तुम्ही मोजलंत ते डोंगराचं वय, की त्याच्या आजोबांचं?"

सभागृहात हशा पिकला. प्रश्न मात्र बिनतोड होता. पण ती खाली बसली नाही. "ही शक्यता मी अजून खोडलेली नाही," ती म्हणाली, "खोडून पुन्हा येईन. आणि खोडता आली नाही, तर तेही इथंच येऊन सांगेन."

घरी आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "हरलीस म्हणे?"

"अर्धी."

"मग उरलेली अर्धी केव्हा लढायचीय?"

तिनं सांगितलं. डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला काळ्या दगडाची एक शीर आहे, करड्या दगडाला चिरून वर गेलेली. जी शीर डोंगराला चिरते, ती डोंगरानंतरचीच असणार. भिंतच नसेल तर भेग कशाला पडेल? त्या शिरेचं वय सत्तर कोटींहून जास्त निघालं, तर डोंगर सत्तर कोटींचा असूच शकत नाही.

"मी येते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिथं धड वाट नाही. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. अख्खा संसार या डोंगराला सवत मानून केला मी. एकदा तिचं तोंड तरी बघू दे."

आणि त्या गेल्या. बसत, उठत, डोंगराला आणि नवऱ्याला शिव्या घालत चढल्या. निसरड्या जागी दोघींनी एकमेकींचे हात धरले. खडीबाई हातोडीनं काळ्या शिरेचे तुकडे काढत होती आणि सासूबाई ते बाजाराच्या पिशवीत भरत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी पदरानं घाम पुसला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "रूप काही खास नाही हिचं."

शिरेचं वय एकशे दहा कोटी निघालं. गिळलेला जुना कण असेल तर त्याच्या गाभ्यावर नव्या रसाची साल चढलेली दिसते, म्हणून करड्या दगडाचे झिरकॉन तिनं मधोमध घासून पाहिले, कडांची मोजणी गाभ्यापासून वेगळी केली. जुना गाभा कुठंच नव्हता. डोंगरानं कुणाला गिळलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी सर जेवायला बाहेर आले.

"शीर कुठून घेतलीस?"

"उत्तरेच्या कड्यावरून."

"तिथं एकटीनं चढता येत नाही."

"मी होते बरोबर," सासूबाई आमटी वाढत म्हणाल्या.

मग सासरे आणि सून तासभर भांडले. ताटं वाळली. "माझी मोजणी चूक नव्हती," सर शेवटपर्यंत बजावत होते. "नव्हतीच," ती म्हणाली. "डोंगर पुन्हा तापला ते सत्तर कोटी वर्षांपूर्वी, हे तुमच्यामुळेच कळलं. निबंधात तसं लिहिलंय मी. पण तो जन्म नव्हे." सरांनी ते मान्य केलं नाही. नाहीही म्हणाले नाहीत.

आठवड्यानं विभागप्रमुख सत्काराची पत्रिका घेऊन घरी आले. सरांनी चष्मा लावून वक्त्यांची नावं वाचली आणि पत्रिका परत केली.

"हिचं नाव नाही यात."

"सर, तुमच्याच सत्काराच्या दिवशी तुमच्याविरुद्ध..."

"माझ्याविरुद्ध बोलायला उभं राहणारी एकच विद्यार्थिनी निघाली माझी. बाकीच्यांचं कौतुक ऐकून मी काय करू? ती बोलणार असेल तर येतो. नाहीतर हारतुरे तुम्हीच घालून घ्या."

सत्काराच्या दिवशी तिनं फळ्यावर एकशे साठ कोटी हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला. गळ्यातला हार काढून सरांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला, काठी टेकत उठले आणि विचारलं, "कडांची मोजणी किती कणांवर केलीत?" तिनं सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा. जेवणाची वेळ टळली, प्रमुख घड्याळाकडे बघून बघून थकले, मागच्या रांगेतली दोघंतिघं निघूनही गेली. तिनं पदर खोचला, नवा खडू घेतला आणि म्हणाली, "विचारा, बाबा. अजून विचारा."