गव्हातला खंदक

शारजातल्या आमच्या बाल्कनीत एसीच्या पाण्यासाठी बादली ठेवलेली असते. आज ती हलवली, तर आत हिरवं शेवाळ आणि तोच थंड, कुजकट वास. "मम्मा, इट स्टिंक्स! थ्रो इट!" लेक ओरडली. मी बादली धरून तशीच उभी राहिले.

कित्येक वर्षांपूर्वी हा वास मला इंग्लंडमध्ये आला होता. माझी थोरली बहीण, बाय, तिथल्या एका खेड्यात नर्स आहे. रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तिने मला गव्हाच्या शेतात नेलं. मधोमध चौकोनी खंदक, काठोकाठ पाणी, मधल्या जमिनीवर नुसती झुडपं. मध्ययुगात तिथे कुणा जमीनदाराचं घर होतं म्हणे.

"डोळे मीट आणि वास घे," बाय म्हणाली. "आपल्या वसईचं बावखल ना?"

तेच होतं. वाडीतल्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर आमच्या केळी जगायच्या.

"इथे शेकडो वर्षं कुणी राहत नाही, तरी शेतकरी नांगर वळवून नेतो, खंदक बुजवत नाही. मे महिन्यात घरी गेले ना, की आधी बावखलात पाय सोडून बसणार," बाय म्हणाली.

बावखल त्याच्या महिन्याभरापूर्वीच मातीने बुजवलं होतं. मातीचे ट्रक आणण्याआधी भावाने मला फोन केला होता आणि मी ऑफिसातून घाईघाईत म्हटलं होतं, "खलास कर एकदाचं, नुसते डास होतात." बायला विचारायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

मी डोळे उघडलेच नाहीत. बायला वाटलं, मला घरची आठवण येतेय. तिने माझा हात हातात घेतला.