शेवटच्या नावाच्या पुढे

इस्लामपूरच्या एका दवाखान्यात मी पेशंटना पुकारणारा प्रोग्राम बसवत होतो. नावांची अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं लावलेली यादी; एक झालं की पुढचं. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारबा रोज बसायचे, गुडघ्यावरच्या टोपीची कड चाचपत. नाव विचारलं तर म्हणाले, "नगं पोरा. माझा नंबर शेवटच्याच्या मागं हाय."

शेवटच्या नावानंतर थांबायचं, हे प्रोग्रामला सांगायचं राहिलं. पहिल्याच संध्याकाळी यादी संपल्यावरही स्पीकर "पुढचे..." म्हणाला, पण नाव आलंच नाही. म्हातारबा टोपी घालून आत गेले.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. "संपले का सगळे? मगापासून आत कुणीच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी चूक शोधायला मी त्याच खुर्चीत बसलो. शेवटचा पेशंट गेला. स्पीकर म्हणाला, "पुढचे..."

खोलीत मी एकटाच होतो.