त्र्यंबकराव बँकॉकमध्ये हरवले तेव्हा

रेणू देशकर एकतिसाव्या वर्षी बँकॉकला गेली आणि बेचाळिसाव्या वर्षी तिथून निघाली. नवरा सुशांत गॅस कंपनीत इंजिनियर. महिन्यातले पंधरा दिवस तो समुद्रात प्लॅटफॉर्मवर असायचा. मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. मग ती चालायची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची, वाटेल त्या बसमध्ये बसायची, वाटेल तिथे उतरायची. थाई भाषा ती भाजीवाल्या बायकांकडून शिकली, त्यामुळे बोलायची अगदी बाजारी, पण फाडफाड.

पर्यटकांना देवळं, मॉल आणि मसाज दिसतात. रेणूला ते शहर पाण्यावरून कळलं. एक कोटीच्या घरात वस्ती, आणि सगळं समुद्रापासून जेमतेम दीड मीटर वर, सपाट, दरवर्षी थोडं थोडं खचणारं. मधून चाओ फ्राया नदी मोठमोठी वळणं घेत जाते आणि नदीला जोडलेले कालवे गावभर फिरतात. कालव्यांना तिथे ख्लोंग म्हणतात. कित्येक बुजवून त्यांचे रस्ते केले, रस्त्यांवर उड्डाणपूल आले, त्याच्याही वरून आकाशगाडी धावायला लागली. रस्त्याला फुटलेल्या गल्लीला सोय म्हणतात. एका हाताला विषम आकडे, दुसऱ्या हाताला सम. पण एकविसाव्या सोयसमोर बाविसावी असेलच असं नाही. नवा माणूस नेमका तिथेच फसतो.

सहा वर्षांपूर्वी सुशांतची बदली ह्यूस्टनला झाली आणि ते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आले. हवा तीच, दमट आणि अंगाला चिकटणारी. पण इथे चालत जाण्यासारखं काही नव्हतं. रेणू एका डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवर कामाला लागली. मराठी मंडळाच्या पॉटलकला गेली की तिच्या तोंडून बँकॉक निघायचंच. तीन वर्षांपूर्वी एका संक्रांतीला मंडळातलीच अस्मिता हसत म्हणाली होती, "रेणूताई, तुम्ही अमेरिकेत लँड कधी होणार?" सगळे हसले. रेणूही हसली. त्यानंतर तिने बँकॉकचं नाव काढलं नाही. तिथल्या मैत्रिणीला फोन करणंही हळूहळू थांबलं.

त्यामुळे जुलैतल्या त्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला अस्मिता अनवाणी, गाडीचं दार उघडंच टाकून, तिच्या दारात उभी राहिली तेव्हा रेणूला आधी काही समजेना.

"बाबा हरवलेत," अस्मिता म्हणाली. "बँकॉकमध्ये. प्लीज, तुम्हाला ते शहर माहितीये ना?"

तिचे आईवडील, शोभाकाकू आणि त्र्यंबकराव, पुण्याहून ज्येष्ठांच्या टूरबरोबर तिकडे गेले होते. बँकॉक ह्यूस्टनच्या बरोबर बारा तास पुढे, म्हणजे तिथे रविवारची सकाळ होती. त्र्यंबकराव पावणेसहाला उठले, इन्सुलिन टोचून घेतलं आणि "खाली जरा फिरून येतो" म्हणून निघाले. फोन खोलीतच राहिला. टूर लीडरने हॉटेलच्या आसपास शोधलं, टुरिस्ट पोलिसांना कळवलं. पण चाळीस माणसांची बस नऊला पट्टायाला निघायची होती.

"किती इन्सुलिन?" रेणूने विचारलं.

"नेहमीचा डोस." अस्मिता फार्मासिस्ट होती. तिचा आवाज आता एकदम कोरडा झाला. "नाश्ता केलेला नाही, आणि ते चालतायत. आठ-साडेआठपर्यंत शुगर इतकी खाली जाईल की ते कुठेही बसतील. किंवा पडतील. लोकांना वाटेल म्हातारा पिऊन पडलाय. आणि ताई, हल्ली ते विसरतातही. आई मान्य करत नाही."

"हॉटेल कुठेय?"

"प्रतुनाम."

रेणूने स्वयंपाकघरातल्या टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि फोनमधला एक नंबर शोधून लावला. नोईचा. नोई तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, बोबे मार्केटमध्ये तयार कपड्यांचं दुकान चालवायची. तिला सगळे पी नोई म्हणत, म्हणजे नोईताई. रिंग वाजत राहिली. चौथ्या की पाचव्या रिंगला आवाज आला, "रेनू? जिवंत आहेस?"

रेणूने तोंड उघडलं, आणि शब्दच येईनात. तीन वर्षांत थाई गंजली होती. 'हरवला' आठवलं, 'म्हातारा' आठवला, 'साखर' म्हणाली पण आजार कसा सांगायचा ते सुचेना. नोईने तिचं बोलणं मधेच तोडलं. "फोटो पाठव. कुठे जाऊ ते सांग."

"फाहुरात," रेणू म्हणाली.

फाहुरात म्हणजे बँकॉकमधला हिंदुस्थानी बाजार. गुरुद्वारा, साड्यांची दुकानं, चहाच्या टपऱ्या, हिंदी बोलणारे लोक. वाट चुकलेला भारतीय माणूस कुणालाही हातवारे करत विचारेल, तर लोक त्याला तिकडेच धाडतील, असा रेणूचा हिशोब. नोई मोटरसायकल टॅक्सीवर मागे बसून निघाली. तिने व्हिडिओ चालू ठेवला होता. शुगर लँडच्या त्या टेबलाशी दोघी जणी फोनच्या काचेत बघत राहिल्या: चालकाचं नारिंगी जाकीट, पुलाचे खांब, वायरींची जाळी, भिक्षेला निघालेले दोन भिक्खू. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याला अस्मिता दचकत होती.

शंतनू, अस्मिताचा नवरा, घरून भारतीय वकिलातीत फोन लावत होता. "अजून होल्डवर," एवढाच त्याचा मेसेज.

नोईने गुरुद्वारात विचारलं, चहावाल्यांना फोटो दाखवला, गल्ल्या पालथ्या घातल्या. बँकॉकमध्ये आठ वाजून दहा मिनिटं झाली. कुणी पाहिलं नव्हतं.

"चाळीस मिनिटं," अस्मिता म्हणाली. "चाळीस मिनिटं गेली ताई! बाबा कुणाला रस्ता विचारणाऱ्यातले नाहीत. तुम्हाला बँकॉक माहितीये, पण माझे बाबा माहीत नाहीत!"

ते खरंच होतं. ती शहराचा विचार करत बसली होती, माणसाचा नाही.

"मग सांग मला. काय करायचे ते?"

"महापालिकेत होते. पाणीपुरवठा. तेहतीस वर्षं."

"पाणीपुरवठ्यात नेमकं काय?"

"व्हॉल्व्ह, पाइपलाइन, कालव्याची गेटं... त्याचा काय संबंध?"

"काकूंना लाव. लगेच."

शोभाकाकू हॉटेलच्या लॉबीत होत्या. फोन लागताच त्यांना रडू फुटलं. अस्मिताने त्यांना शांत करायचा प्रयत्न केला, तेव्हा रेणूने फोन जवळ ओढला. "काकू, मी रेणू. काल काका कशाबद्दल बोलत होते? काहीही असू दे, सांगा."

"काही नाही गं. काल बसमध्ये गाइड म्हणाला, या भागाचं नाव म्हणजे पाण्याचा दरवाजा. झालं! जेवताना तीनदा विचारलं त्याला, दरवाजा कुठाय, हे कालव्याचं पाणी सोडतात कुठे. तो बिचारा हसला. मीच म्हटलं, अहो, पुरे आता."

रेणू उभी राहिली. प्रतुनाम. पाण्याचा दरवाजा. 'प्रतुनाम कुठे' म्हणून कुणाला विचारलं असतं तरी त्याने उभ्या जागीच बोट दाखवलं असतं, कारण ते आता त्या भागाचंच नाव. पण ज्याने तेहतीस वर्षं पाणी हाकलं तो पाणी कुठे जातं तेच बघायला जाणार. आणि तिथलं पाणी शेवटी नदीला मिळतं. हॉटेलमागेच सेन सेप कालव्याचा धक्का होता. तिथून नदीच्या बाजूला, पश्चिमेकडे, प्रवासी होड्या सुटतात. त्या वाटेवर बोबेपाशी दुसरा कालवा आडवा येतो. तिथे उतरून त्याच्या काठाने उजवीकडे चालत गेलं की अर्ध्यापाऊण तासात थेवेत. तिथे, नदीच्या तोंडाशी, मोठं गेट आहे आणि पंपहाउस आहे.

"पी नोई! थेवेत. पाण्याचं गेट. काठाकाठाने जा, बाकांवर बघ, जमिनीवर बघ!" या वेळी शब्द आपोआप आले. "आणि गोड काहीतरी घे. सरबत. त्याच्या रक्तात साखर उरलेली नाही!"

"आणि तिथेही नसले तर?" अस्मिताने विचारलं.

रेणूने तिचा हात धरला आणि फोन दोघींच्या मधे सरकवला.

मोटरसायकल पुन्हा सुटली. चित्र हलत होतं, मधेच थिजत होतं. हिरवट पाणी, काठचा कठडा, झाडांच्या कुंड्या मांडणारी माणसं. एका जागी पोलिसांनी रस्ता वळवलेला होता. नोई उतरून पळायला लागली. साठीच्या घरातली बाई, तिचा धापा टाकणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग चित्र काळं झालं. अस्मिताने "नो, नो, नो" म्हणत फोनवर बोट आपटलं. फोन बंद पडला नव्हता. नोईने तो घाईघाईने खिशात टाकला होता. आतून फक्त आवाज येत होते: बायकांचा गलका, कुणीतरी "पाणी, पाणी" म्हणत होतं, नोई कुणावर तरी खेकसत होती.

"काय म्हणतायत? ताई, काय म्हणतायत?"

"थांब. 'पिऊ देत, ढकलू नका.' कुणाला तरी पाजतायत."

दोन मिनिटं गेली असतील. मग चित्र आलं. कुंड्यांच्या दुकानापुढे, जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकून त्र्यंबकराव बसले होते. सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते, डोळे अर्धवट मिटलेले. कुंड्या विकणारी बाई पाठीमागून त्यांचं डोकं सावरत होती आणि नोई उसाच्या रसाचा ग्लास त्यांच्या तोंडाशी धरून होती.

"बाबा! बाबा, मी अस्मी. गिळताय ना? हळूहळू प्या!"

त्र्यंबकरावांनी एक घोट घेतला. आणखी एक. बराच वेळ त्यांनी फोनकडे पाहिलं. "अस्मी? तू कधी आलीस इथे?" मग म्हणाले, "गेट बंद ठेवलंय गं यांनी. भरती असणार."

अस्मिता टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. रेणूने नोईला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं, शोभाकाकूंना हॉस्पिटलचं नाव कळवलं, त्यांना तिकडे नेणाऱ्या टॅक्सीवाल्याशी स्वतः फोनवर बोलली. मग ती सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि मघाशी बाजूला सारलेली ताटं घासायला घेतली.

त्र्यंबकरावांना दोन दिवस ठेवून घेतलं. ग्रुप पट्टायाला गेला. सोमवारी अस्मिता बँकॉकला पोचली आणि पुढे त्यांना घेऊन पुण्याला गेली. तिथे तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि शोभाकाकूंना ते पहिल्यांदा मान्य करावं लागलं. आता त्र्यंबकरावांबरोबर सकाळी फिरायला एक माणूस ठेवलाय. ते त्याच्यावर चिडतात, आणि त्याच्याच बरोबर जातात.

महिन्याने अस्मिता परतली आणि सरळ रेणूकडे आली. नोईने दिलेलं पार्सल तिने टेबलावर ठेवलं.

रेणूने ते उघडलं नाही. "अस्मिता, ती चाळीस मिनिटं माझी चूक होती. काकांना काही झालं असतं तर..."

"हो, होती," अस्मिता म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "मीही तीन वर्षांत तुम्हाला बँकॉकबद्दल एक धड वाक्य बोलू दिलं नाही. चहा टाका ना. आणि मला सांगा, तुम्ही दोघी भेटलात कशा? नोई सांगत होती, पण मला काही कळेना."

"मी तिच्या दुकानात चोर म्हणून पकडले गेले होते," रेणू म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.