वरमाला तीनदा कशी पडली

लग्न लागायच्या आधीच सासरी पोचलेली नवरी तुम्ही पाहिलीय का?

आमच्या साकोलीच्या फोटो स्टुडिओत असे किस्से साचतच गेले. लग्नाला आमचे दोन कॅमेरे असतात. सगळे फोटो एकत्र करून मी फाइलीवरच्या वेळेप्रमाणे अल्बम लावते. समोरच्या कॉम्प्युटरवर विंडोज, मागच्यावर फुकटातलं लिनक्स. मागचा फाइलीवरची वेळ लंडनची समजायचा; पेनड्राइव्ह इकडून तिकडे लावला की एका कॅमेऱ्याचे फोटो साडेपाच तास पुढे!

त्यामुळे एका अल्बममध्ये पाठवणी आधी आली, हळद नंतर. मुलीच्या वडिलांनी अल्बम पाहून विचारलं, "सासरी गेल्यावर हळद लावली का जी?"

*

पवनी गावातल्या एका लग्नात वरमालेचे भराभर फोटो काढले. पेनड्राइव्ह वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहितो, त्यामुळे बऱ्याच फोटोंची वेळ एकच. अल्बममध्ये हार गळ्यात, मग हातात, परत गळ्यात. नवरदेवाचे मामा म्हणाले, "तीनदा घातला, तरी पोरगी मानून नाही राहिली काय?"

*

मग मालक राजूभाऊंनी मनावर घेतलं. डिस्क बदलली, दोन्ही कॉम्प्युटर जुळवले. आता सेकंदाचा बारीकसा तुकडाही दिसतो. हौसेने जुने अल्बम उघडले, तर त्या जागी नुसती शून्यं. राजूभाऊ म्हणाले, "चूक आता एकदम साफ दिसते, ताई."

देवरामभाऊ येईपर्यंत आम्ही हसत होतो.

*

देवरामभाऊ सिहोऱ्याचे. शेताच्या बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून त्यांची आई त्यांच्याशी बोलत नव्हती. पुतणीच्या लग्नात दोघं शेजारी उभे राहिले. त्याच आठवड्यात आई गेली.

आमच्याकडे त्या क्षणाचे दोन फोटो निघाले, दोन कॅमेऱ्यांतले. एकात आई त्यांच्याकडे बघतेय. दुसऱ्यात तोंड फिरवलेलं.

"मायनं पयले मले पाह्यलं अन् मंग तोंड फिरवलं, का तोंड फिरवून मंग पाह्यलं? तेवढं सांगा, ताई."

दोन्ही फाइलींवर वेळ एकच, पुढे शून्यं. कॅमेऱ्यांची कार्डं कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. राजूभाऊ हळूच म्हणाले, नंतर पाहिलं असं सांगून द्या. माझी जीभ रेटेना. कळत नाही, एवढंच मी म्हणाले. देवरामभाऊ निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेले, तर देवरामभाऊ पायरीवर बसलेले होते. त्यांनी तोंड फिरवलेला फोटो मोठा करून मागितला. म्हणाले, "रुसली असन, त रोज मनवीन."