फुलीबाई आणि चौकशीची हौस

सातपुड्यातल्या एका पाड्याची आशा आरोग्यसेविका फुलीबाई, तोंडाची भारी फटकळ. ती दिसली की ग्रामसेवक मोटरसायकल वळवतो म्हणतात. त्या सकाळी ती आठ वर्षांच्या एका पोरीला घेऊन जीपने तालुक्याच्या दवाखान्यात आली. पोरीवर शेजारच्या माणसाने अत्याचार केला होता. पोरीचं नाव मी सांगणार नाही, कायद्याने मनाई आहे. खिडकीवरच्या भटू क्लार्कने मात्र ते नाव घेऊन, "अत्याचारवाली कोन शे?" असं अख्ख्या ओपीडीला ऐकवलं.

पोरीला फक्त पावरी बोली येते, आणि तिथे पावरी जाणणारी एकटी फुलीबाई. झालं! जो तो चौकशीला हौशी. भटूने विचारलं, "नेमकं काय व्हयनं?" मग शिपायाने विचारलं, त्याचा काय संबंध, देव जाणे. मग पोलीस जमादार आले, तेही खाकीत, आणि "मुलांसमोर गणवेश नको" या पाटीलाच टेकून त्यांनीही विचारलं. पोर दर वेळी सांगायची, आवाज मात्र खाली खाली जायचा. मुलांसाठी खास खोली होती की! पण तिला कुलूप. आत बालहक्क सप्ताहाचे बॅनर, आणि किल्लीवाले साहेब बालहक्कांच्याच प्रशिक्षणाला नंदुरबारला.

"पोलिसनं पत्र कोठे शे? त्याबिगर तपासणी नही," भटू म्हणाला.

"आधी दवाखान्याचा कागद आणा," जमादार म्हणाले.

फुलीबाईचं डोकंच फिरलं. "अहो भटूभाऊ, पोरीला दुखतंय! कागद असो-नसो, आधी उपचार, असा कायदा आहे. ट्रेनिंगला पुढच्याच खुर्चीवर होतात ना तुम्ही, की नुसतं जेवून आलात?"

बाकावरच्या बाया हसल्या. पोर हसली नाही. फुलीबाई चपापली. तिघांनी विचारलं खरं, पण तिन्ही वेळा तो प्रश्न पोरीच्या कानात घातला कोणी? आपणच! तिला स्वतःची लाज वाटली. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि कोणाला न विचारता डॉक्टर भूमिकाबाईंचं दार ढकललं.

बाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि पोरीसमोर खाली बसल्या. "कुठे दुखतंय गं? आधी औषध देऊ."

फुलीबाईने ते पावरीत सांगितलं. पोर डॉक्टरांकडे बघेना. तिने फुलीबाईलाच हळू विचारलं, "हिलापण सगळं सांगायचं?"

दिवसभर सगळ्यांना झापणाऱ्या फुलीबाईने नुसती मान हलवली, नाही.

तेव्हा पोर सकाळपासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.